इतर

रविवार, रात्री उशिरा

दुपारभर मैत्रिणीकडे होते. तिची जोडीदार जाऊन सहा आठवडे झाले. टेबलावर बँकेचा अर्ज होता, चार दिवस तसाच पडलेला. ‘मयत व्यक्तीशी नाते’ यापुढे चौकोन: पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण. सगळ्यात शेवटी ‘इतर’. दोघींचा बावीस वर्षांचा संसार होता. शेवटच्या वर्षात तर अंघोळ घालण्यापासून रात्री दर दोन तासांनी कूस बदलून देण्यापर्यंत सगळं हिनेच केलं. तिने ‘इतर’वर खूण केली आणि पेनाला टोपण लावलं. बोलली काहीच नाही. मला मात्र तो शब्द अजून टोचतोय.

घरी येऊन जिम ओबर्गफेल आणि जॉन आर्थर यांच्याबद्दल पुन्हा वाचत बसले. अमेरिकेतल्या ओहायोचे हे दोघं वीसहून अधिक वर्षं एकत्र होते. जॉनला एएलएस हा स्नायू निकामी करत नेणारा आजार झाला, तो अंथरुणाला खिळला. ओहायोत दोन पुरुषांना लग्न करता येत नव्हतं, मेरिलँड राज्यात येत होतं. म्हणून ११ जुलै २०१३ रोजी वैद्यकीय सोय असलेल्या विमानातून ते मेरिलँडला गेले, विमानतळावर उभ्या विमानातच लग्न केलं आणि लगेच परतले. पुढे एका वकिलाने जिमला मृत्युदाखल्याचा कोरा नमुना दाखवला. जॉन गेला की ओहायो त्याला अविवाहित लिहिणार, जोडीदाराचा रकाना रिकामा राहणार. त्यावर दोघं कोर्टात गेले. आदेश त्यांच्या बाजूने लागला, ऑक्टोबरात जॉन गेला, आणि राज्य सरकारने अपील केलं. गेलेल्या माणसाच्या दाखल्यावरून त्याच्या नवऱ्याचं नाव काढायला! अपिलात सरकार जिंकलंही. शेवटी २६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी समलिंगी जोडप्यांचा लग्नाचा हक्क देशभर मान्य केला.

‘प्रेमाला कागद कशाला हवा?’ हे मी फार ऐकलंय, आणि म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या कपाटात तो कागद असतो. कधी बाहेर काढावा लागत नाही, कारण त्यांच्या नात्यावर कुणी शंकाच घेत नाही. ‘लग्न हा शब्द सोडा, दुसरं काहीतरी घ्या’ हेही मला पटत नाही. दुसरा कुठलाही शब्द दवाखान्यात, बँकेत, घरमालकापुढे समजावून सांगावा लागतो. समजावत बसायची ताकद नसते, नेमक्या तेव्हाच तो लागतो.

नेदरलँड्समध्ये १ एप्रिल २००१ पासून अशी लग्नं होताहेत. त्यामुळे शेजारच्या घरातल्या नवरा-बायकोचं नातं कणभरही उणं झालेलं नाही.

उद्या अर्ज द्यायला मी तिच्याबरोबर जातेय. निघताना दारात म्हणाली, ‘कागदावर इतर लिहिलंय. पण त्यांनी तोंडी विचारलं ना, तर मी बायको म्हणूनच सांगणार.’