हिंगाची डबी

डिसेंबरातल्या निसर्ग शिबिराला आठ दिवस उरले होते, तेव्हा एका मुलीच्या आईचा फोन आला. "ताई, तिला गहू अजिबात चालत नाही. तीन दिवसांचा कोरडा खाऊ मी बरोबर देते, तुम्ही काही त्रास घेऊ नका." हे वाक्य त्या बाईंच्या तोंडी इतकं बसलेलं होतं, की आजवर किती जणांना त्यांनी ते ऐकवलं असेल ते कळत होतं. मी म्हटलं, "खाऊ नका देऊ. काय चालतं आणि काय नाही तेवढं सांगा."

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात शाळांची शिबिरं होतात, त्यांचा स्वयंपाक मी सांभाळते. तंबू कुळागराच्या, म्हणजे पोफळी-नारळांच्या बागेच्या, कडेला आणि रांधप देवळाच्या अग्रशाळेच्या, म्हणजे भक्तांच्या उतरायच्या जागेच्या, मागच्या पडवीत. या वेळी 36 मुलं आणि आम्ही 7 मोठी माणसं. फॉर्मवर इतरही गोष्टी होत्या. दोघांना दूध पचत नव्हतं, एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, एकाला सुंगटांची, म्हणजे कोळंबीची. अग्रशाळेत मासळी शिजतच नाही, त्यामुळे सुंगटांचा प्रश्न सुटल्यासारखा होता. तरी उकळत्या सुंगटांच्या वाफेनेसुद्धा काहींना त्रास होतो हे ठाऊक असल्यामुळे स्वयंपाकात माझ्या मदतीला असणाऱ्या काकींना आधीच सांगून ठेवलं, की त्यांच्या डब्यातली सुकी सुंगटं या वेळी घरीच राहू देत. शेंगदाणे बाद केले. त्या मुलाने काजू कधी खाऊन पाहिले नव्हते आणि ते खाऊन बघायची जागा जंगल नव्हे, म्हणून काजूही बाद. सत्तरीत राहून काजूशिवाय मणगणे, ती हरभऱ्याच्या डाळीची गुळातली खीर, करायचं म्हणजे काकींच्या जिवावर आलं होतं.

बारा वर्षांच्या त्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे. ही अ‍ॅलर्जी नव्हे. गहू, जव, राय या धान्यांतलं ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेलं की शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्न शोषून घेणारं अस्तर झिजत जातं. त्यावर पथ्य हाच उपाय, तोही जन्मभर. आपल्याकडे पाकिटावर 'ग्लूटेनमुक्त' छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. चिमूटभर कणीक सांडली तर किलोभर तांदळाचं पीठ तिच्यासाठी बाद होतं. शिजवून, भाजून ते जातही नाही.

मग मी ठरवलं, की तिच्यासाठी वेगळं काही करायचंच नाही, सगळ्या शिबिरातूनच गहू काढायचा. वेगळं पातेलं ठेवलं की चमचा इकडचा तिकडे जातो. आणि वेगळ्या ताटाकडे बाकीची 35 मुलं वळून बघतात ते वेगळंच. गोव्याच्या स्वयंपाकात हे काही फार अवघड नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि तोर, म्हणजे कैरीचं लोणचं, दुपारी भात, खतखतें ही मिश्र भाजी, सोलकढी. एका सकाळी घावन, एका संध्याकाळी अळसांद्यांचं टोणक, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची वाटपाची उसळ. नाचणीचं सत्त्व नारळाच्या रसात आणि गुळात, म्हणजे दूध न पचणाऱ्यांचीही सोय. अडचण एकच, पाव. आमच्याकडे सकाळ होते तीच मुळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंप्याने. शिबिराच्या तीन दिवसांत आमच्या वाटेने येऊ नकोस, असं पोदेराला घरी जाऊन सांगितलं. त्याने कारण विचारलं, ऐकून घेतलं, आणि तीन दिवस वरच्या वाड्यावरून वळसा घालून गेला.

खरी कसोटी पिठाची होती. गिरणीत आधी गहू दळलेले असले तर त्याच जात्यातून निघालेली नाचणी गव्हाचीच. म्हणून घावनांचे तांदूळ भिजवून काकींनी रगड्यावर वाटायचं ठरलं, आणि नाचणीही भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून सत्त्व काढायचं. वर्षानुवर्षं पोळ्या भाजलेला माझा बिडाचा तवा घरी ठेवला आणि नवा नेला. लाकडी डाव एकही नेला नाही. पाकिटं, बाटल्या, बरण्या सगळ्यांवरचं बारीक अक्षर दोनदा वाचलं. मला वाटलं, झालं.

पहिल्या संध्याकाळी पावणेदोन किलो तूरडाळीची आमटी झाली, वरून फोडणी पडली, चर्र आवाज झाला. ती मुलगी पडवीच्या पायरीवर बसून मिरच्यांची देठं काढत होती. म्हणाली, "मावशी, हिंग घातलात?"

"घातला की."

"डबी बघू?"

डबी नव्हती. हिंग माझ्या मिसळणाच्या डब्यातून आला होता, घरून भरून आणलेला, एका वाटीत, नाव ना गाव. सगळी पाकिटं मी वाचली होती. पण जो रोज हाताखाली असतो तो डबा वाचायचा असतो हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. एका शिक्षकांना स्कूटरवरून खालच्या दुकानात पाठवलं. मी वापरते त्याच हिंगाची डबी घेऊन ते आले आणि विजेरीच्या उजेडात आम्ही वाचली. डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. आपण रोज वापरतो तो हिंग शुद्ध नसतो. मूळचा चीक फार उग्र, म्हणून त्यात डिंक आणि मैदा नाहीतर तांदळाचं पीठ मिसळतात. माझ्या डबीत गहू होता.

काकी पातेल्याकडे बघत राहिल्या. "हिंगांत गंवाचें पीठ कित्याक गो घालतात?"

मी चढावर जाऊन रेंज पकडली आणि मुलीच्या आईला फोन लावला. त्या आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "ताई, चुकलं माझं. सहा वर्षं घरात हिंगच नाही, त्यामुळे सांगायचंच राहिलं." त्यांचं तरी काय चुकलं? जी वस्तू घरातून गेली तिचं नावही जिभेवरून जातं. विचारायचं काम माझं होतं.

आठ वाजायला आले होते. मुलं ताटल्या वाजवत होती. एक सहकारी हळूच म्हणाले, "तिच्यापुरती वाटीभर डाळ वेगळी करू, बाकीच्यांना हेच वाढू." ते वाईट अर्थाने बोलले नाहीत. 43 माणसांचं जेवण खोळंबलं की कोणीही हेच म्हणेल. पण ती पायरीवर तशीच बसून होती, देठं काढायची थांबली होती, आणि म्हणाली, "मावशी, मला नुसता भात चालतो. खरंच." ते 'खरंच' ऐकून माझं ठरलं.

आमटीचं पातेलं कुळागराच्या मालकांकडे गेलं. तिसऱ्या दिवसाची मसूरडाळ बाहेर काढली, ती वीस मिनिटांत शिजते. तोवर निखाऱ्यात रताळी पुरली आणि मुलांना वाटली. डाव, झारा, फोडणीचं कढलं, सगळं राखेने घासून गरम पाण्यातून काढलं. तिथेही तीच उभी राहून सांगत होती, काठ घासा, काठाला राहतं. नवी फोडणी मोहरी, कढीपत्ता आणि ठेचलेल्या लसणीची. पावणेनऊला पंगत बसली. हिंग नाही हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. ती तिसऱ्यांदा भात घ्यायला आली, तेव्हा डाळ वाढताना काकींचा हात जरा जास्तच सैल सुटला.

पुढचे दोन दिवस काही अडलं नाही. मणगणे काजूंशिवाय झालं आणि पातेलं पुसून खाल्लं गेलं.

निघायच्या दिवशी तिने माझ्याकडून पांढरी चिकटपट्टी आणि पेन मागून घेतलं. पडवीत मांडी घालून तासभर बसली आणि माझ्या प्रत्येक डब्यावर नाव लिहिलं. 'तांदूळ, रगड्यावर वाटायचे.' 'नाचणी, गिरणीत नाही.' 'मोहरी, चालते.' मिसळणाच्या डब्यातली हिंगाची वाटी रिकामी होती. तिच्या तळाशीही एक पट्टी चिकटवली आणि त्यावर लिहिलं, 'आधी डबी दाखवा.'

ती वाटी अजून रिकामीच आहे. फोडणीत आता लसूण असते, नाहीतर मेथीचे चार दाणे. आणि शिबिराच्या फॉर्मसाठी आईवडिलांना फोन लावते, तेव्हा मुलांना काय चालत नाही हे विचारून झालं की पुढे विचारते, तुमच्या स्वयंपाकघरात कोणती गोष्ट आणायचीच बंद झाली आहे?