प्रोबेशनवर सुटलो, त्यानंतर

मारहाणीच्या केसमध्ये कोर्टानं दोषी धरलं तेव्हा मी २० वर्षांचा होतो. वकील म्हणाले, "एकविसाच्या आत आहेस, प्रोबेशनच्या, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याच्या, कायद्याचं कलम ६ कामी येईल." हा कायदा १९५८चा. या वयाच्या माणसाला तुरुंगात पाठवायचं तर कोर्टाला कारण लिहावं लागतं, आणि त्याआधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो.

त्यासाठी या अधिकारी मॅडम घरी आल्या. पोलिसांनी काठी कुणी आणली ते विचारलं होतं. यांनी विचारलं, घरात कमावतं कोण, बारावीनंतर शिक्षण का सुटलं, दारू पितोस का. आईशी वेगळं बोलल्या. मग शेजारी आणि पोलीस पाटलांकडेही गेल्या, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. ज्यांना केस ठाऊक नव्हती त्यांनाही कळली. कायद्यानं अहवाल गोपनीय, चौकशी भर अंगणात!

दोन वर्षांचं चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र, म्हणजे लेखी हमी, झालं. मामा जामीनदार राहिले. जखमी मुलाला भरपाई, आणि मॅडमची देखरेख. "नुसती सही करायला येऊ नकोस, काय चाललंय ते सांगायला ये," असं त्या बजावायच्या. आयटीआयचा फॉर्म त्यांनीच भरायला लावला. कामधंदा मिळवून द्यायचा प्रयत्न करणं हे या अधिकाऱ्यांचं कायद्यानं ठरवलेलं काम आहे, हे मला फार उशिरा कळलं.

मग त्यांची बदली झाली. नव्या साहेबांच्या लेखी मी रजिस्टरातली एक ओळ. "काही भानगड नाही ना?" सही, चला. टेबलावर बालन्यायाच्या, म्हणजे अल्पवयीन मुलांच्या केसेसच्या, फायलींचा ढीग असायचा, त्यामुळे वेळ नाही हे समजत होतं. पण परीक्षेमुळे एक हजेरी हुकली तर थेट "वॉरंट काढायला लावीन"? बंधपत्राची अट मोडली तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं, खरं आहे. तरी पहिल्या वेळेला ५० रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवायची सोयही कलम ९ मध्ये आहे.

वर्तणूक चांगली असेल तर अधिकाऱ्याच्या अर्जावरून कोर्ट मुदतीआधीही मोकळं करू शकतं. दीड वर्षानंतर मी साहेबांना तसं विचारलं. "असं कुणी करत नाही," म्हणाले. मॅडमनी बहुतेक केलं असतं. साहेबांना माझ्याबद्दल त्या अर्जात लिहिण्यासारखं माहीत तरी काय होतं? मुदत पूर्ण भरली.