टीव्ही रिपेअरिंग ते द्राक्षबागेतला डबा: आमची वाटचाल

आधी मिरजेत आमचं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं. ते काम आटलं तसं कुपवाड एमआयडीसीत गाळा भाड्याने घेतला आणि द्राक्षबागेत टांगायचे सेन्सरचे डबे बनवायला लागलो. पानावर ओल किती वेळ टिकली ते मोजून मोबाईलवर पाठवायचं, म्हणजे डाऊनीच्या (द्राक्षाच्या पानांवरचा बुरशीचा रोग) फवारणीचा अंदाज येतो.

पहिल्या लॉटला बाजारातलं 6 व्होल्टचं छोटं सोलर पॅनल लावलं. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग उघडी, डबे झकास चालले, मग पाला वाढला तसे एकेक बंद पडायला लागले. एका दादांनी तर डबा आणून टेबलावर आदळला, "हे काय शोभेला टांगू का?" बरोबरच होतं त्यांचं. त्या पॅनलमध्ये 12 सेल सिरीजमध्ये असतात, एकावर पान आडवं आलं की सगळ्यांचा करंट अडतो.

मग ठरवलं, एकच सेल लावायचा, निम्मा झाकला तरी निम्मा करंट येतो. पण एक सेल लहान घ्या नाहीतर मोठा, लोडवर अर्धा व्होल्टच देणार (कापला की व्होल्टेज निम्मं होतं असं नव्या पोरांना अजून वाटतं, कमी होतो तो करंट) आणि आमची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी फुल व्हायला 3.6 व्होल्ट लागतात, म्हणजे व्होल्टेज वाढवणारं सर्किट, बूस्ट कन्व्हर्टर, आलाच. मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू करून कॉइलमध्ये करंट भरायचा, बंद केला की कॉइल तो बॅटरीत ढकलते, सेकंदाला हजारो वेळा. कागदावर सोपं आहे.

महिनाभर काही केल्या बॅटरीत 10 मिलीअँपच्या वर जाईना. मी डायोडच्या (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) मागे लागलेलो, पण डायोड बॅटरीच्या बाजूला, तिथे 0.3 व्होल्ट गेले तर एवढं बिघडत नाही. खरा चोर सेलच्या बाजूला होता. आमच्या मिसेसच्या माहेरी मोटर रिवाइंडिंगचं दुकान, तिने कॉइल हातात घेतली आणि म्हणाली, तार केवढी बारीक आहे! मीटर लावला तर 1 ओहम. म्हणजे 350 मिलीअँप ओढायला गेलं की 0.35 व्होल्ट तारेतच खलास, उरलं काय? तिने रिंग कोअरवर जाड तारेची कॉइल गुंडाळून दिली, दुपारच्या उन्हात 35 मिलीअँप दाखवले. अजूनही कॉइल तीच गुंडाळते.

ढगाळ सकाळी कन्व्हर्टर जास्त ओढायचा आणि सेलचं व्होल्टेज बसायचं, म्हणून आता ते 0.4 च्या खाली गेलं की ओढणं कमी करतो. आणि कंट्रोलर बॅटरीवरच चालतो, ती पूर्ण उतरली तर कितीही ऊन पडू दे, डबा उठत नाही, पंपात पाणी भरल्याशिवाय पंप उचलत नाही तसंच. म्हणून 2.8 व्होल्टला सेन्सर बंद करून टाकतो.

बोर्डो (मोरचूद आणि चुन्याची फवारणी) मारलं की सेलवर निळसर थर बसतो, त्यासाठी डब्यासोबत एक फडकं देतो. त्याने बहुतेक जण गाडी पुसतात ती गोष्ट वेगळी.