नोटेवरचा गव्हर्नर जनरल

जकार्ताच्या जुन्या शहरात, कोटा रेल्वे स्थानकासमोर, बँक इंडोनेशियाचे संग्रहालय आहे. ही इमारत मूळची दे यावाशे बँकेची. १८२८ मध्ये स्थापन झालेली ही बँक डच ईस्ट इंडीजच्या नोटा काढत असे, आणि १९५३ मध्ये तिचीच स्वतंत्र इंडोनेशियाची मध्यवर्ती बँक झाली. बहुतेक लोक तेथे सोन्याच्या विटांच्या प्रतिकृतींपुढे छायाचित्रे काढून घेतात आणि बाहेर पडतात. मी मात्र नाण्या-नोटांच्या दालनात बराच वेळ रेंगाळले, कारण तेथे डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरसून कून मला प्रथमच समोरासमोर भेटला.

माझे आजोळ वेंगुर्ल्याचे. १६३७ मध्ये वलंदाजांनी, म्हणजे डचांनी, तेथे वखार घातली, आणि तिचे पडके अवशेष पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो. वलंदाज म्हणजे जहाजातून आले, वखार बांधली आणि निघून गेले, एवढीच माझी समजूत होती. ते जेथून निघून गेले नाहीत, तेथे त्यांनी काय केले, हे पाहायला मी जावाला आले होते असे म्हटले तरी चालेल.

काचेमागची नोट दहा गुल्डनची होती. १९२५ पासून निघालेल्या या मालिकेवर कूनचे चित्र आहे, आणि नोटा छापल्या हार्लेमच्या योहान एन्सखेडे या जुन्या छापखान्याने. गळ्याभोवती चुण्यांची पांढरी कॉलर, वर वळवलेल्या मिशा, टोकदार दाढी आणि ओढलेला चेहरा. काचेला नाक लावून पाहिले की चेहरा नाहीसा होतो आणि उरतात त्या नुसत्या रेघा: गालावर विरळ, डोळ्यांखाली दाट, कॉलरच्या चुण्यांत केसाइतक्या बारीक. बनावट नोटा करणाऱ्याचा हात अडावा म्हणून नोटेवर माणसाचा चेहरा घालण्याची पद्धत आहे, कारण चेहऱ्यात एक रेघ चुकली तरी पाहणाऱ्याला खटकते. मागच्या बाजूला नकली नोटांविषयीच्या कायद्याची ताकीद डच, जावानी, चिनी आणि अरबी लिपीतील मलय अशा चार भाषांत आहे. आपल्या नोटेवरची पंधरा भाषांची पट्टी आठवून मला क्षणभर गंमत वाटली; फरक इतकाच, की आपल्याकडे त्या पट्टीत किंमत लिहिलेली असते आणि येथे दटावणी.

हा माणूस पेशाने हिशेबनीस होता. १५८७ मध्ये होर्न गावी जन्मलेल्या कूनने रोममध्ये एका व्यापाऱ्याच्या पेढीवर जमाखर्च शिकून घेतला, आणि डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तो भराभर वर चढला. "निराश होऊ नका, शत्रूची गय करू नका," असे त्याने १६१८ मध्ये कंपनीच्या संचालकांना कळवले होते. ३० मे १६१९ रोजी त्याने जयकार्ता जाळून ताब्यात घेतले, आणि त्याच जागी बटाविया उभे राहिले. आज जकार्ता आपला वाढदिवस २२ जूनला साजरा करते, कारण १५२७ मध्ये जयकार्ता हे नाव मिळाल्याचा तो दिवस मानला जातो. ३० मेची तेथे कोणी आठवण काढत नाही.

बटावियापेक्षा भयंकर गोष्ट घडली ती दूर पूर्वेला, बांदा बेटांवर. जायफळ आणि जायपत्री त्या काळी जगात फक्त तेथेच पिकत असे, आणि बांदाचे लोक इंग्रजांनाही माल विकत, हे कंपनीला खपत नव्हते. १६२१ मध्ये कून स्वतः आरमार घेऊन गेला. बेटांवरच्या ४४ प्रमुखांची भाडोत्री जपानी शिपायांकडून मुंडकी उडवली गेली. सुमारे १५,००० वस्तीपैकी मारली गेलेली, उपाशी मेलेली, पळून गेलेली आणि गुलाम म्हणून नेलेली माणसे वगळता हजाराच्या आसपासच उरली, असा अंदाज आहे. मग जमिनीचे वाटे पाडून ते कंपनीच्या माणसांना दिले गेले आणि बागांत गुलाम कामाला लावले गेले. श्रीखंडावर मी आजवर किती वेळा जायफळ किसले असेल, त्याचा हिशेब नाही. त्या बोंडाला एवढा इतिहास आहे हे कोणी सांगितले नव्हते, आणि मीही कधी विचारले नव्हते.

हे सगळे घडून तीनशे वर्षे झाल्यावर बँकेला नोटेवर घालायला हाच चेहरा आठवला, आणि तो मजुरीत, भाजीच्या पैशांत, हातोहात फिरला. मात्र त्याच दालनात पुढे १९३३ पासूनची मालिका लावलेली आहे आणि तिच्यावर कून नाही. तिच्यावर वायांग या पारंपरिक जावानी नाट्यातले मुकुटधारी नर्तक आहेत. दहा वर्षे होण्याआधीच कूनने जागा सोडली होती. माझ्या मते नोट म्हणूनही ती दुसरी मालिका कितीतरी देखणी आहे.

बाहेर पडून मी फताहिल्ला चौकाकडे चालत गेले. चौकालगत वायांग संग्रहालय आहे, म्हणजे चामड्याच्या आणि लाकडी बाहुल्यांचे. पूर्वी त्या जागी डच चर्च होते, आणि १६२९ मध्ये बटावियाला जावातल्याच माताराम राज्याच्या सुलतानाच्या सैन्याचा वेढा पडलेला असताना वारलेल्या कूनची स्मृतिशिला आजही तेथे आहे. शिळेभोवती शाळेची मुले धावत होती. त्यांना पुढच्या दालनातल्या बाहुल्या पाहायच्या होत्या.

चौकात पाण्याची बाटली घेतली. सुट्ट्या पैशांत हजार रुपियाची एक नोट हाती आली. पुढे चूत मेउतिया, डचांशी लढताना १९१० मध्ये मारली गेलेली, सुमात्रातल्या आचे प्रांतातली बाई. नोट उलटली, तर मागे समुद्र, डोंगर आणि बेटाचे चित्र होते, आणि बेटाचे नाव छापलेले होते: बांदा नेइरा. ती नोट मी खर्च केली नाही.