चालू दुकानाला बंद दुकानाचा भाव

अमेरिकेत मोठी दुकानं मालमत्ता कर कमी करून घ्यायला ‘डार्क स्टोअर’ (म्हणजे बंद दुकान) युक्तिवाद वापरतात: आमची इमारत गजबजलेली असली, तरी मूल्यांकन करा बंद पडलेल्या दुकानांच्या विक्रीभावावरून.

खोच खरेदीखतात आहे. जुनी इमारत विकताना कंपनी अट घालते की इथे प्रतिस्पर्ध्याने दुकान थाटायचं नाही. मग गिऱ्हाईक कुठून मिळणार? भाव पडतो आणि तोच पडका भाव चालू दुकानाच्या मूल्यांकनाविरुद्धच्या अपिलात पुरावा म्हणून मांडला जातो. आपणच पाय बांधायचे आणि घोडा लंगडा म्हणायचं! मिशिगनमधल्या एस्कनाबा शहराच्या खटल्यात 2016 साली अपील न्यायालयाने अशा अटींच्या विक्रींवर बेतलेला निकाल रद्द करून प्रकरण कर न्यायाधिकरणाकडे परत पाठवलं.

घरमालकाला झळ कशी लागते? समजा, गावाला 10 लाख डॉलर कर उभारायचाय आणि एकूण मूल्यांकन 5 कोटी. म्हणजे मूल्याच्या दर हजार डॉलरला 20 डॉलर कर. दुकानाचं मूल्य 80 लाखांवरून 40 लाखांवर आलं की दर 21.74 होतो. 2 लाखांच्या घराचा कर 4,000 वरून सुमारे 4,348 डॉलर. दरावर मर्यादा असेल तिथे बिल वाढत नाही, पण गावाचं उत्पन्न घटतं आणि वाचनालयाचे तास कमी होतात.

अपिलाला उत्तर देताना गावाने आधी तुलनेतल्या प्रत्येक विक्रीचं खरेदीखत मागवून अटी वाचाव्यात.