बसू न देणारं लग्न

आपल्याकडे लग्नाला जाणं म्हणजे मुख्यतः बसणं. मंगलाष्टकं चालू असताना मागून अक्षता टाकायच्या (त्या पुढच्या काकूंच्या अंबाड्यातच पडतात), जेवायचं, स्टेजवर जाऊन फोटो काढायचा, पुन्हा येऊन बसायचं. मला हे मनापासून आवडतं. खुर्ची, पंखा आणि शेजारी बोलायला माणूस मिळालं की लग्न छान झालं! ताईच्या मुलाचं लग्न स्कॉटलंडमध्ये ठरलं, तेव्हा युरोपच्या सहलीचं शेवटचं टोक आम्ही ग्लासगोकडे वळवलं, तेही याच हिशोबाने.

भाच्याने आधी काकांना, म्हणजे आमच्या ह्यांना, किल्ट, म्हणजे तिथल्या पुरुषांचा चुण्यांचा घागरा, भाड्याने देणाऱ्या दुकानात नेलं. तिथल्या बाईंचा पहिला धडा: चुण्या मागे, सपाट बाजू पुढे. परदेशी पाहुणे हमखास उलटं नेसतात म्हणे. किल्ट पार बेंबीपर्यंत वर बांधायचा आणि खालची कड गुडघ्याच्या मध्यावर यायला हवी. कोपऱ्यातली पिन फक्त वरच्या पदराला लावायची, दोन्ही पदर एकत्र टोचले तर कापड ओढलं जातं. खऱ्या किल्टला सुमारे आठ वार लोकरी कापड लागतं हे कळल्यावर ताई म्हणाली, "म्हणजे नऊवारीला एकच वार कमी!" किल्टला खिसे नसतात, म्हणून पुढे स्पोरान नावाचा चामडी बटवा लटकतो. ह्यांनी त्यात बडीशेपेची डबी ठेवली.

कलोडनच्या लढाईत स्कॉटिश बंडखोर हरले, त्यानंतर १७४६ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी झाली होती. ती उठली १७८२ मध्ये. नवरीचे वडील हे सांगताना इतके तापले, की बंदी मागच्याच आठवड्यात उठली असावी असं वाटलं.

लग्न लॉख लोमंड या मोठ्या तळ्याच्या काठी, उघड्यावर. स्कॉटलंडमध्ये परवाना जागेला लागत नाही, लग्न लावणाऱ्याला लागतो, त्यामुळे कुठेही लग्न लावता येतं. देवाधर्माचं नाव न घेता लावलेल्या ह्युमनिस्ट लग्नांनाही २००५ पासून कायद्याची मान्यता आहे. आमचं त्यातलंच. पाइपवाला वाजवत पुढे आणि मागून नवरी वडिलांच्या हाताला धरून. बॅगपाइप आपल्याला बीटिंग रिट्रीटमुळे ओळखीचा, पण टीव्हीचा आवाज कमी करता येतो. इथे छातीत वाजतो.

दोघांचे हात एकमेकांत गुंफून वर पट्ट्या बांधल्या. एक नवरीकडच्या टार्टनची, म्हणजे त्यांच्या चौकड्यांच्या लोकरी कापडाची, दुसरी आमच्या आईच्या जुन्या इरकलीचा काठ. लाल काठावर जिथे विरलं होतं तिथे ताईने रात्री बसून बारीक टीप घातली होती. हात हळूच बाहेर ओढले आणि मधोमध गाठ राहिली. मग दोन कानांच्या चांदीच्या वाटीतून व्हिस्की फिरली. ताईने ओठ लावले आणि ठसका आवरला. जेवण आणि भाषणं यथास्थित झाली. नवऱ्याच्या मित्राने भाषणात त्याची जी अब्रू काढली, ती आपल्याकडे काढली असती तर बैठक मोडली असती.

मी खुर्ची पकडली, आणि तेवढ्यात हॉलमधल्या खुर्च्या भिंतीकडे सरकवायला सुरुवात झाली. आता 'केली', म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचे स्कॉटिश नाच. फिडल, अकॉर्डियन, ड्रम आणि माइकवरून नाचाच्या सूचना देणारा एक 'कॉलर'. तो आधी नाच चालत चालत शिकवतो, मग वाद्यं सुरू. 'डॅशिंग व्हाइट सार्जंट'ला तिघं-तिघं लागतात: मी, ताई आणि मधे हे. समोर दुसरं त्रिकूट. सहा जणांचा गोल आठ मोजून डावीकडे, आठ मोजून उजवीकडे, मग जोडीदाराला गिरकी, तिघांनी इंग्रजी आठाच्या वळणाने एकमेकांभोवती फिरायचं, पुढे जाऊन पाय आपटायचे, मागे येऊन टाळ्या. शेवटी एका त्रिकुटाने हात उंच धरायचे, दुसऱ्याने खालून निघायचं, की समोर नवं त्रिकूट. हे मला फार हुशारीचं वाटलं. गाणं संपेपर्यंत नवरीची आजी, तिचा दाढीवाला मामा, भाच्याच्या ऑफिसातल्या मुली, सगळ्यांचे हात हातात येऊन गेले होते. ओळख करून द्यायला कुणी लागलं नाही. माझ्या गुडघ्यांचं मत वेगळं आहे, पण ते घरी येऊन विचारलं.

तिथली मुलं हे नाच शाळेत पीटीच्या तासाला शिकतात. म्हणूनच सत्तरीच्या आजी चुकत नव्हत्या आणि मी चुकले की खांद्याला धरून बरोबर दिशेला लोटत होत्या. दहा वाजले तरी बाहेर उजेड होता, त्यामुळे "उशीर झाला" म्हणायचीही सोय नाही.

डिसेंबरमध्ये ठाण्यात रिसेप्शन आहे. ताईने हॉलवाल्याला फोन करून विचारलं, मधल्या खुर्च्या काढता येतील का. तो म्हणाला, "काढू की मॅडम, पण पाहुण्यांना बसवणार कुठे? आणि खुर्च्यांचे पैसे पॅकेजमध्येच आहेत, ते कमी नाही होणार."