गिटारची जी तार अखेर जागेवर! अडथळा तार दाबणाऱ्या ट्रीचा होता

मंडळी, गिटारचा बार (ब्रिज हलवणारा दांडा) पार खाली दाबून तारा लोळवल्या, सोडला, आणि जी सुरात! पुन्हा केलं, पुन्हा सुरात. आज लातुरात माझ्याइतका खूश माणूस नसेल.

लक्षणं पुन्हा सांगतो. डाइव्हनंतर, म्हणजे बार असा दाबून सोडल्यावर, जी दहाएक सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) चढलेली, आणि एक सुराचा बेंड मारला, म्हणजे बोटाने तार आडवी ओढली, की खाली उतरून जागेवर. बार दाबला की तार ढिली पडते आणि थोडी ट्यूनरकडे (तार ताणणाऱ्या खुंटीकडे) सरकते. सोडल्यावर तेवढीच परत यायला हवी. वाटेत अडकली की वाजणाऱ्या भागात ताण जास्त राहतो. बेंड तिला ओढून सोडवतो, म्हणून सूर उतरतो. ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या खालच्या पट्टीवर, मी संशय घेतला नाही, कारण ब्रिजची धार अडली तर सहाही तारा मिळून हलतात. इथे एकटी जी. (ब्रिजच्या सहा स्क्रूंपैकी बाहेरचे दोन टेकवून मधले चार किंचित वर घेतल्यापासून तिकडे शांतता आहे.)

म्हणून आधी नट, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी. नटच्या फायलींच्या परदेशी संचावर पैसे घालू नका, हे माझं ठाम मत. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात गॅस टॉर्चचे टिप क्लीनर मिळतात. बारीक, गोल, दातेरी काड्या. जी ०.०१६ इंची, म्हणजे साधारण ०.४ मिमी, खाच त्याहून केसभर रुंद आणि ट्यूनरकडे उतरती हवी. तळाशी मात्र खोल जाऊ देऊ नका, मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खडखडते. वर ६बी पेन्सिलीची पूड व्हॅसलीनमध्ये कालवून लावली. ट्यून करतानाचा तो ‘टिंग’ आवाज गेला.

आणि तरीही जी चढलेलीच! डोकं फिरायची वेळ आली.

मग नटच्या पलीकडे बघितलं. १९५४च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) गिटारवर बी आणि बारीक ई या तारांसाठी एकच ट्री, म्हणजे नट आणि ट्यूनरच्या मध्ये तारा खाली दाबून धरणारा पत्र्याचा आकडा, होती. डी-जीची दुसरी ट्री सत्तरच्या दशकात आली, आणि आजच्या बऱ्याच स्वस्त गिटारींवर दोन्ही असतात. माझ्या डी-जीच्या ट्रीखाली नख फिरवलं तर पत्र्याला धार लागली. नटला हात न लावता फक्त ती ट्री काढली, डाइव्ह मारला, आणि जी परत आली.

पण ट्री गेली की तार नटवरून खाली वळते तो कोन कमी होतो. मोकळी जी नटमध्ये सतारीसारखी झणझणायला लागली. त्यावर तार नव्याने चढवली, वेढे खुंटीवर वरून खाली उतरत घेतले. कोन मिळाला, झणझण थांबली. वेढे जास्त असले की तार बसायला वेळ घेते, तेव्हा हाताने चांगली ताणून घ्या.

एक सांगतो, उन्हाळ्यात ही तपासणी कूलर चालू ठेवून करू नका. पारा चाळिशीपार असताना कूलरची ओली हवा मानेच्या लाकडाला लागते, तारा गार होऊन चढतात, आणि तरंगत्या ब्रिजवर एकीचा ताण बदलला की बाकीच्याही हलतात. कूलर बंद करून गिटार खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच मोजा.

बारचा खुळखुळाटही गेला! आट्यांवर नळाची टेफ्लॉन टेप गुंडाळली. बार सोडतो तिथेच राहतो, फार समाधान वाटतं.

आता लॉकिंग ट्यूनर (तार आवळून धरणारे) मागवणार होतो. पण लिहिता लिहिता सुचलं: उतरत्या उंचीच्या खुंट्यांचा लॉकिंग संच घेतला तर कोन आपोआप मिळेल, वेढ्यांची गरजच उरणार नाही, आणि बी-ईची ट्रीही काढता येईल. मग तिला रोलरवाली बदली आणायचा बेत रद्द. सध्या तिच्या पोटाला बाराशे नंबरचा पॉलिश पेपर मारतो. माझ्या गिटारीवर ट्यूनरची भोकं १० मिमीची आहेत. नांदेड-संभाजीनगरकडच्या कुणी असा संच बसवला असेल तर सांगा, ट्री पूर्ण काढल्यावर बी झणझणते का?